मदत हवी आहे: इंजिनच्या जुन्या पार्ट्सवरचा काळा थर आणि गंज कशाने काढू?

खोललेलं_इंजिन: मंडळी, जरा लवकर सांगा, रविवारपर्यंत काम पुढे सरकवायचंय. जुन्या गाडीचं इंजिन खोललंय, पार्ट सगळे सुटे करून ठेवलेत. काहींवर जळक्या तेलाचा काळा थर बसलाय, इतका कडक की स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर नुसती रेघ उमटते, आणि काहींवर गंज. रॉकेलमध्ये भिजवून झालं, वायर ब्रश मारून झाला. कुणी म्हणतं कॉस्टिक सोडा, कुणी म्हणतं अॅसिड. सगळ्याला चालेल असा एकच उपाय सांगा.

टॅपेट: पार्ट कुठले? लोखंडाचे की अॅल्युमिनियमचे? ते कळल्याशिवाय सांगणार काय?

खोललेलं_इंजिन: इंजिनचेच हो. सिलिंडरवरचं हेड, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर, साइड कव्हर, बाकी बारीकसारीक.

नटबोल्ट: कॉस्टिक बिनधास्त वापरा. रात्रभर बुडवून ठेवा, ग्रीस, जुना रंग, सगळं सुटतं. किती वर्षं तेच करतोय मी. फक्त हातमोजे आणि चष्मा लागतोच, आणि कॉस्टिक गार पाण्यात थोडं थोडं सोडायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, उसळतं.

टॅपेट: अहो थांबा! कार्बोरेटर कॉस्टिकमध्ये?? त्याची बॉडी झिंकच्या नाहीतर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, कॉस्टिक दोन्ही खातं, फसफसून हायड्रोजन निघतो आणि गॅस्केट (दोन पार्टमधली गळती रोखणारा पातळ थर) बसायची बाजू खडबडीत होऊन बसते. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर त्याचंही तेच. आधी प्रत्येक पार्टला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर कॉस्टिक नाही आणि कडक अॅसिडही नाही.

नटबोल्ट: मी लोखंडाबद्दलच बोलत होतो.

टॅपेट: मग तसं लिहा ना, त्यांनी वर कार्बोरेटर लिहिलाय!

चार्जरवाला: गंजावर इलेक्ट्रोलिसिससारखं, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज काढण्यासारखं, दुसरं काही नाही. प्लॅस्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. पार्ट निगेटिव्हला, टाकाऊ लोखंडी पट्टी पॉझिटिव्हला, दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचं नाही. चांगलं लोखंड खाल्लं जात नाही, फक्त गंज सुटतो. पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरीन निघतो. आणि हायड्रोजन निघतो म्हणून हे उघड्यावर करा, जवळपास ठिणगी नको.

खोललेलं_इंजिन: चुंबक लावला. हेड आणि कार्बोरेटरला चिकटत नाही, साइड कव्हरला चिकटतो. गंजाचं समजलं पण हेडवरच्या काळ्या थराचं कुणी बोलतच नाहीये.

ब्लास्टिंगप्रेमी: हेड वेट ब्लास्टिंगला द्या, विषय संपला. पाण्याबरोबर बारीक काचेचे मणी मारतात, अॅल्युमिनियम नव्यासारखं दिसतं.

टॅपेट: विषय तिथेच सुरू होतो. ऑइलच्या वाटा नीट बंद केल्या नाहीत आणि मणी आत राहिले तर तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत जातात. ब्लास्टिंगनंतर प्रत्येक भोक ब्रशने घासून, धुऊन, हवा मारून साफ झालंच पाहिजे.

ब्लास्टिंगप्रेमी: मान्य, पण म्हणून ब्लास्टिंग वाईट होत नाही, करणारा माहीतगार हवा.

प्रायमर: रंगाचं सांगतो, इंजिनवर साधा रंग टिकत नाही, उष्णता सोसणाराच घ्या. आणि गंज काढलेल्या लोखंडावर लगेच प्रायमर मारा, ओलं राहिलं की तासाभरात परत तांबूस होतं.

जुनंते_सोनं: इतकं चकचकीत करायची गरज काय? ढिल्या खपल्या आणि चिकटा काढा, ओतकामाचा मूळ पोत राहू द्या. एकदा घासून गेलेला पोत परत येत नाही, जुन्या गाडीचं मोल त्यातच आहे असं मला मनापासून वाटतं.

टॅपेट: ते नंतर ठरवतील हो. हेडला ब्लास्टिंग नको असेल तर अॅल्युमिनियमला चालणारं डिग्रीझर (तेलकट चिकटा सोडवणारं द्रव) लावून गरम पाण्यात भिजवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने थर काढा, गॅस्केटच्या बाजूवर वायर ब्रश नको. कार्बोरेटरचे फ्लोट, रबर, जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) आधी काढा, मग कार्ब क्लीनर. ध्वनिलहरींनी घाण सोडवणारं अल्ट्रासोनिक मशीन मिळालं तर फार उत्तम. जेटमध्ये तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की पेट्रोलचं गणित बिघडतं.

खोललेलं_इंजिन: हे कामाचं! साइड कव्हर आणि गंजलेले नटबोल्ट चार्जरवर लावतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांनाही थोडा गंज आहे, त्याही त्यातच टाकू ना?

चार्जरवाला: टाका की, लोखंडच आहे.

नटबोल्ट: नको! कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं, अॅसिडमध्येही तेच आणि इलेक्ट्रोलिसिसमध्येही तेच. स्प्रिंग नंतर चालू इंजिनात तुटते. हेडचे आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्टही त्यात टाकू नका. स्प्रिंगा रॉकेल आणि मऊ ब्रशने पुसून बघा, गंजाचे खड्डे पडलेले दिसले तर सरळ नव्या लावा.