अव्वल क्रमांकापासून स्पर्धेबाहेर: नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा २०२२-२३ चा हंगाम

प्रश्न: एप्रिल २०२२ मध्ये एनसीएए या अमेरिकेतील महाविद्यालयीन संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत कॅन्ससविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला १५ गुणांनी पुढे असूनही ६९-७२ असा हरलेला, पाचपैकी चार मुख्य खेळाडू परतलेला आणि म्हणूनच हंगामापूर्वीच्या क्रमवारीत पहिला क्रमांक मिळालेला आपला संघ पुढच्या वर्षी एनसीएए स्पर्धेला पात्रही ठरू नये, याचे कारण आपल्याला काय वाटते?

पहिला प्रतिसाद: न परतलेला पाचवा मुख्य खेळाडू ब्रेडी मॅनेक याची जागा भरलीच गेली नाही. उंचपुरा असूनही तो लांबून अचूक नेम साधत असे, त्यामुळे बचाव करणाऱ्यांना बाहेर यावे लागे आणि बास्केटखाली आपल्या आर्मांडो बेकॉटला मोकळीक मिळे. मॅनेकच्या जागी आलेला पीट नॅन्स गुणी असला, तरी ती धास्ती निर्माण झाली नाही.

दुसरा प्रतिसाद: सहमत आहे, परंतु राखीव खेळाडूंवर पुरेसा विश्वास न दाखवणे मला अधिक खटकते. नोव्हेंबरमध्ये अलाबामाविरुद्ध चार वेळा जादा वेळ खेळून आपण १०१-१०३ असे हरलो, तेव्हाच दमछाक दिसली होती.

तिसरा प्रतिसाद: १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून हंगामापूर्वीचा अव्वल संघ बाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ, हे मनाला फार लागते. तरीही एनआयटी या दुय्यम राष्ट्रीय स्पर्धेत न खेळण्याचा निर्णय मला पटला नाही. नवोदितांना ते सामने मिळायला हवे होते.