ईमेलवरचं काम घेण्याआधी उद्यम नोंदणी

फ्रीलान्सर मिळवून देणारी कंपनी स्वतःला लेखक हवा असला की आपलाच प्लॅटफॉर्म सोडून ईमेलवर का येते, हा प्रश्न रास्त आहे. ईमेलवर पैसे आधी एस्क्रोमध्ये (काम पूर्ण होईपर्यंत तिसऱ्याकडे राखून) ठेवावे लागत नाहीत आणि बिल अकाउंट्सच्या चक्रात ढकलता येतं. सदस्यांना बाहेर व्यवहार करायला बंदी असताना हे मला अजिबात पटत नाही.

म्हापसा-मडगावात बसून काम घेणाऱ्यांनी आधी 'तुमच्याच प्लॅटफॉर्मवर कॉन्ट्रॅक्ट काढा' असं लेखी मागावं. नकार आला तर काम सुरू होण्यापूर्वी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. आधार-पॅनवर ती मोफत होते. कंपनी भारतातली असेल तर एमएसएमईडी कायदा 2006 (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा कायदा) प्रमाणे पैसे देण्यासाठी करारातही 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या 'बँक रेट' या व्याजदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं.

बहुतेकांचं अडतं ते तारखेवर. दिवस बिलापासून नव्हे, मजकूर स्वीकारल्यापासून मोजतात. 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर मजकूर दिला तोच दिवस धरतात. म्हणून तारखेचा पुरावा राहावा यासाठी मजकूर चॅटवर टाकू नका, ईमेलनेच पाठवा. आणि कॉपीराइट पूर्ण पैसे मिळाल्यावरच कंपनीकडे जाईल, हे वाक्य करारात हवंच.