नव्या फाइल सिस्टिमचे पर्याय केकॉन्फिगमध्ये कसे मांडावेत?

अमृतवेल (प्रश्न)

लिनक्स ६.६ च्या सोर्स ट्रीमध्ये ब्लॉक डिव्हाइसवर चालणारी एक रीड-ओन्ली फाइल सिस्टिम घालायची आहे. नाव तूर्तास 'पेटीएफएस' धरा. केकॉन्फिगमधला (कर्नल बांधताना काय घ्यायचं ते ठरवणारी पर्यायांची यंत्रणा) मुख्य सिम्बॉल, म्हणजे पर्याय, ट्रायस्टेट आहे: वाय (कर्नलमध्येच), एम (वेगळं मॉड्यूल) किंवा बंद. त्याच्या लगेच खाली प्रॉम्प्ट नसलेला (मेन्यूत न दिसणारा) एक मदतनीस बूल (नुसता चालू किंवा बंद) आहे, आणि मग चार बूल: एलझेड४ आणि झेडएसटीडी (कॉम्प्रेशन), एक्सॅटर (फाइलला जोडलेली जादा माहिती) आणि एसएचए२५६ चेकसम. अडचणी अशा:

१. मेन्यूकॉन्फिगमध्ये (पर्याय निवडायचा स्क्रीनवरचा मेन्यू) चारही पर्याय मुख्य पर्यायाखाली आत सरकून दिसत नाहीत, त्याच्याच रांगेत सपाट दिसतात.
२. चेकसम चालू केला की 'अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज डिटेक्टेड फॉर क्रिप्टो_एसएचए२५६' ही वॉर्निंग येते.
३. रूट पार्टिशन याच फाइल सिस्टिमचं असेल तर बूट होताना पॅनिक: 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(१७९,२)'.

शिवाय 'एफएस' डिरेक्टरीतल्या मुख्य केकॉन्फिगमध्ये सोर्सची ओळ (आपली केकॉन्फिग फाइल आत घेणारी) नेमकी कुठे टाकावी? ब्लॉकच्या इफमध्ये, की 'मिसलेनियस फाइलसिस्टिम्स'मध्ये?

सह्यकडा

पहिल्या अडचणीचं मूळ तो मदतनीस बूल. केकॉन्फिग मुख्य सिम्बॉलपासून खाली एकेक नोंद बघत जातं. जोवर पुढच्या नोंदीच्या डिपेंडन्सीत ('डिपेंड्स ऑन'ची अट) मुख्य सिम्बॉल आहे तोवर तिला आत घेतं. पहिली अशी नोंद नसलेली भेटली की तिथेच थांबतं, खालच्या सगळ्या नोंदी बाहेर राहतात. प्रॉम्प्ट नसला तरी ती नोंद मोजली जाते, म्हणून स्क्रीनवर न दिसणारी एक ओळ अख्खा उपमेन्यू मोडते. तो बूल चारही पर्यायांच्या खाली न्या, किंवा त्यालाही 'डिपेंड्स ऑन पेटीएफएस' लावा. मेन्यूकॉन्फिगमध्ये झेड दाबलं की लपलेल्या नोंदीही दिसतात, तिथे ही चूक लगेच सापडते.

जागेबद्दल: 'मिसलेनियस'मध्येच घाला, स्क्वॅशएफएस, क्रॅमएफएस, रॉमएफएस तिथेच आहेत. पण हा मेन्यू 'इफ ब्लॉक'च्या बाहेर आहे, कारण जेएफएफएस२ आणि यूबीआयएफएसला ब्लॉक लेयर लागत नाही. तुम्हाला लागतो, तेव्हा 'डिपेंड्स ऑन ब्लॉक' स्वतः लिहायला हवं. हे विसरलात तर नेहमीच्या कॉन्फिगवर काहीच कळत नाही आणि ब्लॉक बंद असलेल्या कॉन्फिगवर बिल्ड तुटतो.

वॉर्निंगचं कारण सरळ आहे. सिलेक्ट (एक पर्याय चालू झाला की दुसरा चालू करणारी ओळ) समोरच्या सिम्बॉलच्या डिपेंडन्सी तपासत नाही, तो सिम्बॉल जबरदस्तीने चालू करतो. एसएचए२५६ हा क्रिप्टोवर अवलंबून आहे आणि तुम्ही क्रिप्टो चालूच केलेला नाही. दोन्ही सिलेक्ट करा. ६.६ मधली ईएक्सटी४ ची केकॉन्फिग उघडून बघा, क्रिप्टो आणि क्रिप्टो_सीआरसी३२सी अशा दोन ओळी एकाखाली एक आहेत. वॉर्निंगकडे काणाडोळा करू नका, तीच पुढे लिंकिंगला 'अनडिफाइन्ड रेफरन्स' होऊन उभी राहते. एलझेड४ आणि झेडएसटीडीचे डीकॉम्प्रेस सिम्बॉल मात्र बिनधास्त सिलेक्ट करा. ते प्रॉम्प्ट नसलेले लायब्ररी सिम्बॉल आहेत आणि सिलेक्ट खरं तर अशांसाठीच आहे.

एक काळजी घ्या: बूल पर्यायातून सिलेक्ट केलं तर फाइल सिस्टिम एम असली तरी लायब्ररी वाय होऊन कर्नलमध्ये बसते. म्हणून सिलेक्टच्या ओळी मुख्य ट्रायस्टेटमध्ये 'इफ' लावून लिहा.

तिसरा_पडदा

वरचं बाकी सगळं पटलं, शेवटचा मुद्दा दुरुस्त करावा लागेल. केकॉन्फिग रिव्हर्स डिपेंडन्सी (सिलेक्टमुळे समोरच्या सिम्बॉलला लागणारी अट) जोडताना सिलेक्ट करणाऱ्या सिम्बॉलच्या स्वतःच्या डिपेंडन्सीही 'आणि'ने जोडतं. स्क्वॅशएफएस_झेडलिब बूल आहे आणि झेडलिब_इन्फ्लेट सिलेक्ट करतो, पण तो स्क्वॅशएफएसवर अवलंबून आहे. स्क्वॅशएफएस एम असेल तर त्याच्याकडून झेडलिबला एमच मिळतो. मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून झेडलिब_इन्फ्लेट शोधा, 'सिलेक्टेड बाय'च्या यादीत ही जोडी तशीच लिहिलेली दिसते. तेव्हा पेटीएफएसच्या चार बूलमध्ये सिलेक्ट ठेवायला हरकत नाही, फक्त त्यांना 'डिपेंड्स ऑन पेटीएफएस' हवं.

ही अडचण खरी येते ती बूल कुठल्याच एका फाइल सिस्टिमवर अवलंबून नसतो तेव्हा. एफएस_एन्क्रिप्शन तसा आहे: ईएक्सटी४, एफटूएफएस, यूबीआयएफएस सगळ्यांचा सामायिक. अल्गोरिदम त्याने स्वतः सिलेक्ट केले असते तर ते कायम वाय झाले असते. म्हणून ईएक्सटी४ च्या मुख्य सिम्बॉलमध्ये 'सिलेक्ट एफएस_एन्क्रिप्शन_अल्ग्ज इफ एफएस_एन्क्रिप्शन' असं लिहिलेलं आहे. सह्यकडा यांनी सांगितलेली पद्धत इथली, आणि इथे ती अगदी बरोबर आहे.

पॅनिककडे वळू. कंसातले आकडे नीट वाचा. १७९ हा एमएमसी ब्लॉक डिव्हाइसचा मेजर नंबर (ड्रायव्हर ओळखायचा क्रमांक), २ म्हणजे बहुधा दुसरं पार्टिशन. म्हणजे कार्ड सापडलंय, ड्रायव्हर शाबूत आहे, फक्त फाइल सिस्टिम ओळखता आली नाही. (०,०) आलं असतं तर डिस्कचा ड्रायव्हर किंवा रूट= हा पॅरामीटर तपासायला सांगितलं असतं. पॅनिकच्या थोडं वर 'नो फाइलसिस्टिम कुड माउंट रूट, ट्राइड:' अशी ओळ असेल. त्या यादीत पेटीएफएस नसेल तर ती एम झालेली आहे आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मॉड्यूल लोड करू शकणारी तात्पुरती फाइल सिस्टिम) नाही, तेव्हा वाय करा. यादीत असेल तर कॉन्फिग ठीक आहे, सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मूळ माहिती) वाचणाऱ्या कोडमध्ये शोधा.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. केकॉन्फिगमधला क्रम फक्त मेन्यूपुरता असतो. रूट माउंट करताना कुठली फाइल सिस्टिम आधी आजमावायची हे 'एफएस'मधल्या मेकफाइलचा क्रम ठरवतो. तिथे ईएक्सटी४ ची ओळ मुद्दाम ईएक्सटी२ च्या आधी आहे आणि कारणही कॉमेंटमध्ये दिलंय: नाहीतर स्वच्छ अनमाउंट झालेलं ईएक्सटी३ चं रूट जर्नल न कळणाऱ्या ईएक्सटी२ ड्रायव्हरने माउंट होईल. तुमची ओळ शेवटाकडे टाका आणि बूटला रूटएफएसटाइप= द्या.

सह्यकडा

बरोबर, रिव्हर्स डिपेंडन्सीतला तो 'आणि' माझ्या नजरेतून सुटला होता. धन्यवाद.

अमृतवेल, पर्यायांच्या संख्येबद्दलही बोलायला हवं. माउंट करताना ठरवता येण्यासारखी गोष्ट कॉन्फिगमध्ये अडकवू नका, फार तर तिचा डीफॉल्ट तिथे ठेवा. फॅटचं उदाहरण घ्या. फॅट_डीफॉल्ट_आयओकॅरसेट (फाइलनावं दाखवायचा अक्षरसंच) मुळात आयएसओ८८५९-१ आहे, म्हणून पेन ड्राइव्हवरच्या 'सातबारा.पीडीएफ'सारख्या देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. पण कर्नल पुन्हा बांधावा लागत नाही, यूटीएफ८ हा माउंट पर्याय दिला की नावं नीट दिसतात. कायमचं हवं असेल तर फॅट_डीफॉल्ट_यूटीएफ८ आहे. आयओकॅरसेट=यूटीएफ८ देऊ नका, त्याने फाइलनावांत लहान-मोठी अक्षरं वेगळी मोजली जातात आणि कर्नल तशी वॉर्निंगही देतो. तुमचा एक्सॅटर किंवा डीकॉम्प्रेसर कोडचा आकार वाढवतो, तेव्हा त्याला पर्याय असणं रास्त. आणि बंद ठेवलेल्या डीकॉम्प्रेसरची इमेज आली तर माउंट नाकारताना त्याचं नाव सांगा. स्क्वॅशएफएस 'फाइलसिस्टिम यूजेस "एक्सझेड" कॉम्प्रेशन' आणि पुढे 'धिस इज नॉट सपोर्टेड' असं स्पष्ट छापतं.

अमृतवेल

मदतनीस बूल खाली नेला, चारही पर्याय आत सरकले. क्रिप्टोची ओळ घातल्यावर वॉर्निंग गेली. 'ट्राइड'च्या यादीत पेटीएफएस नव्हती, कॉन्फिगमध्ये एमच निघाली. आता एकच: बोर्डांचे कॉन्फिग फ्रॅगमेंट (मूळ कॉन्फिगमध्ये जोडायच्या छोट्या फाइली) वेगवेगळे आहेत आणि एका बोर्डावर पेटीएफएस=वाय लिहूनही अंतिम फाइलमध्ये ती येत नाही.

तिसरा_पडदा

त्या बोर्डाचा पाया ऑलनोकॉन्फिग (शक्य ते सगळं बंद) किंवा त्यावर बेतलेलं टायनीकॉन्फिग असेल, तर मिसलेनियसचा मेन्यूच बंद आहे. तो डीफॉल्ट वाय असला तरी ऑलनोकॉन्फिगला डीफॉल्टशी देणंघेणं नसतं. ओल्डडेफकॉन्फिग (जुनं कॉन्फिग घेऊन उरलेलं डीफॉल्टने भरणारी आज्ञा) अशी ओळ काही न सांगता गाळून टाकतं. फ्रॅगमेंट जोडायला 'स्क्रिप्ट्स/केकॉन्फिग'मधली मर्ज_कॉन्फिग.एसएच वापरा, मागितलेली किंमत अंतिम फाइलमध्ये आली नाही तर ती सिम्बॉलचं नाव घेऊन सांगते. फ्रॅगमेंटमध्ये ब्लॉक, मिसलेनियस आणि पेटीएफएस या तिन्ही ओळी ठेवा. पॅच पाठवण्याआधी ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सगळं एम), ऑलयेसकॉन्फिग (शक्य ते सगळं वाय) आणि ब्लॉक बंद ठेवलेलं एक, असे तीन बिल्ड करून बघा.