धावताना पाय कसा टाकू? गुडघा सुटला, पोटरी धरली

मंडळी, मदत हवी आहे.

वय ४६, उंची पाच फूट अकरा, वजन ८२. दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा धावतो. वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं, म्हणजे मिरवण्यासारखं काही नाही. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन एकदा करायची आहे. यवतेश्वरचा घाट चढायची भीती नाही, उतरायची आहे, कारण उतारावर उजव्या गुडघ्याची वाटी दुखते.

दोन महिन्यांपूर्वी एका व्हिडिओत ऐकलं की धावताना टाच आधी टेकवणं हेच सगळ्या दुखण्यांचं मूळ. लगेच चवड्यावर धावायला लागलो. गुडघा खरंच शांत झाला! पण तिसऱ्या आठवड्यात डावी पोटरी धरली. आता सकाळी पलंगावरून उतरलो की टाचेमागची शीर पहिली दहा पावलं लाकडासारखी असते. बायको म्हणते, "आधी उजव्या पायाने लंगडत होतात, आता डाव्या."

काल पार्किंगमध्ये जुन्या पद्धतीने धावलो आणि मुलाने मोबाईलवर स्लो मोशन काढलं. टाच टेकते त्या क्षणी गुडघा जवळजवळ सरळ आणि पाऊल गुडघ्याच्याही चांगलं पुढे. जुन्या बुटांच्या टाचा बाहेरच्या कडेने घासल्यात. मिनिटाला उजवा पाय ७८ वेळा पडतो, म्हणजे एकूण १५६ पावलं. जिकडेतिकडे १८० चा जप चालू असतो.

तर चवडा की टाच? १८० गाठायलाच हवं का? आणि एक कुतूहल: ट्रेडमिलवर वेग वाढवत चाललो की ताशी ७.५ किलोमीटरच्या आसपास पाय आपणहून धावायला लागतात. असं का?

पायपीट: मी फिजिओ आहे, पण न तपासता निदान करत नाही. शीर महिनाभर अशीच राहिली तर कुणाला तरी दाखवा.

कुतूहल आधी. चालताना टेकलेला पाय जवळपास ताठ असतो आणि शरीर त्याच्यावरून कमानीत पुढे जातं, उलट्या लंबकासारखं. त्या कमानीवर शरीराला धरून ठेवतं ते गुरुत्वाकर्षण. वेग वाढला की ते अपुरं पडू लागतं, चालणं महाग पडतं. बहुतेक माणसं सेकंदाला दोन मीटरच्या जरा वर, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास धावू लागतात. तुमचे पाय हिशोबाला पक्के आहेत.

धावताना पाय लंबक नसतो, स्प्रिंग असतो. दर पावलाला जमीन वजनाच्या दोन-अडीच पट उलट ढकलते. हे ओझं कुठेतरी जिरायलाच हवं. टाचेवर उतरलात तर गुडघा आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जास्त, चवड्यावर उतरलात तर पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर. तुम्ही ओझं कमी केलं नाहीत, भाडेकरू बदललात. आणि नव्या भाडेकरूला घर लावायला तीन आठवडे पुरत नाहीत.

२०१० मध्ये हार्वर्डच्या लिबरमन यांनी अनवाणी धावणाऱ्यांवर शोधनिबंध लिहिला. चवड्यावर उतरलं की टेकतानाचा तो एकदम बसणारा दणका टळतो, असं त्यात दिसलं. दुखापती टळतात हे त्यात सिद्ध झालेलं नाही. ते व्हिडिओवाल्यांनी जोडलं.

तुमची खरी गोची पाऊल फार पुढे पडतं ही असावी. तिथे दर पावलाला ब्रेक लागतो, आणि उतारावर तर जास्तच. बुटांची बाहेरची कड झिजणं सर्रास असतं, ते सोडून द्या.

१८० हा आकडा १९८४ च्या ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजून आला. त्यांचा वेग तुमचा नाही. १५६ वरून पाच टक्के वाढवा, १६४ पुरे. वेग तोच ठेवा, पावलं आखूड होतील. टाच टेकली तर टेकू द्या, फक्त शरीराच्या जवळ.

धागाकर्ता: भाडेकरू आवडला! आज मेट्रोनोम (ठरावीक ठेका वाजवत राहणारं साधन) लावून दोन किलोमीटर १६४ ने धावलो. सुरुवातीला धोतर नेसून पळतोय असं वाटलं, पण बुटांचा धपधप आवाज निम्म्यावर आला. वाटी गप्प होती, शीर जरा कुरकुरली. पण हे सपाटीवर. घाटात उतरताना वेग आपोआप वाढतो, तिथे हा ठेका कसा सांभाळायचा? यवतेश्वर उतरलेलं कुणी आहे का इथे?