प्रति: शिकायला पुणे की लातूर?

"दोन्हीकडे फी जवळपास सारखीच, फरक फक्त खोलीभाड्याचा" हे वर कुणीतरी लिहिलंय ते अर्धंच पटलं. भाडं दिसतं तरी, बाकीचं दिसत नाही. मी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (म्हणजे पूर्ण खोली नाही, फक्त एक खाट भाड्याने) तीन वर्षं काढली. एका खोलीत चौघं, कपाटाचा एक कप्पा आपला, आंघोळीचा नंबर सकाळी साडेपाचला. महिन्याची मेस लावली तरी रविवारी दुपारी फीस्ट (गोडाधोडाचं खास जेवण) आणि संध्याकाळी मेस बंद, म्हणजे ते एक जेवण कायम खिशातून. सणासुदीला गावी जायचं तर खाजगी बसचं तिकीट एकदम दुप्पट. हिशोब मांडताना हे कुणी धरतच नाही.

अजून एक गोष्ट इथे कुणीच काढली नाही. अनुसूचित जातीतल्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांना राहण्या-जेवण्यासाठी पैसे देणारी राज्य सरकारची स्वाधार योजना आहे, आणि तिची रक्कम शहर बघून ठरते. योजना आली तेव्हाचे दर वर्षाला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६०,००० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० असे होते. म्हणजे फरक १७,०००, महिन्याला साधारण चौदाशे. पुण्यात राहण्या-जेवण्याचा जादा खर्च चौदाशेत बसतो का, हे प्रश्न विचारणाऱ्याने आधी पेठेतल्या दोन-चार खोल्या बघून ठरवावं. माझ्या वेळी तरी बसला नसता.