1841 मध्ये वय 20 आणि 1851 मध्ये 34! हा एकच माणूस का?

प्रश्न: नवऱ्याच्या खापरपणजोबांचा शोध घेतेय. इंग्लंडमधल्या एका खेड्यातले मेंढपाळ. 1841 च्या जनगणनेत वय 20, 1851 मध्ये 34. नाव तेच, गाव तेच. दोन वेगळी माणसं असतील का? शिवाय 1861 मध्ये बायको 'विवाहित' म्हणून सापडते, मुलं आहेत, पण ते स्वतः घरात नाहीत. तेव्हापासून जीव लागून राहिलाय.

उत्तर: एकच असू शकतो. 1841 मध्ये 15 वर्षांवरच्यांचं वय बहुधा 5 च्या पटीत खाली आणून लिहीत, म्हणजे 24 चे झाले 20. कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव 1851 पासून लिहू लागले, त्यामुळे तोच कागद धरून पुढे जा.

उत्तर: 1861 ची गणना 7 एप्रिलच्या रात्रीची. त्या रात्री जो जिथे होता, तिथेच त्याची नोंद. एप्रिल म्हणजे मेंढ्या विण्याचे दिवस, मेंढपाळ घरी कुठून सापडणार? आसपासच्या शेतांची पानं चाळा. बायकोपुढे 'विधवा' लिहिलेलं नाही, म्हणजे आशा आहे.

प्रश्नकर्ती: सापडले! शेजारच्या गावात, एका शेतावर. आडनावात एक अक्षर चुकलंय, पण वय 44 आणि जन्मगाव तेच. ती ओळ मी बोटाने कितीदा वाचली. आता मृत्यूचा दाखला मागवलाय, त्यात खबर देणाऱ्याचं नाव असतं. ते मुलाचं निघावं असं फार वाटतंय.