शिर्डी राइडच्या आधी त्र्यंबक करून बघा

सायकलवर पहिल्याच राइडला थेट नाशिक-शिर्डी करायचं म्हणताय, म्हणजे नव्वदेक किलोमीटर, आणि हातात सहा आठवडे. जमेल की! फक्त रोज गंगापूर रोडला दहा किलोमीटर फिरून भागणार नाही. दर रविवारी त्र्यंबकला जाऊन या. जाऊन-येऊन पंचावन्न-साठ होतात, जाताना हलका चढ असतो, त्यामुळे दम कुठे संपतो ते आपोआप कळतं.

गिअर हलका ठेवून पाय भराभर फिरवा. जड गिअर रेटलात की गुडघे बोलायला लागतात. सीटची उंची आधी बघा: पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हायला हवा. पॅडेड शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नाही (हे कुणी आधी सांगत नाही, आणि मग दोन दिवस बसता येत नाही).

माझी पहिली राइड सिन्नरच्या पुढे अडली. पंक्चरवाला भेटला, पण माझ्या ट्यूबला हवा भरायचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह, आणि त्याचा पाइप मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा. हवाच भरेना! पन्नास रुपयांत येणारा, असा पाइप प्रेस्टाला जोडणारा पितळी अ‍ॅडाप्टर तेव्हापासून कायम खिशात. स्पेअर ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप घ्याच, पण घरी एकदा मागचं चाक स्वतः काढून बसवा.

खायला चिक्की, खजूर, केळी. पाण्यात थोडं मीठ-साखर, आणि तहान लागायची वाट न बघता घोट-घोट. पहाटे निघणार असाल तर मागचा लाल दिवा विसरू नका, त्या रस्त्याला ट्रक भरपूर असतात.